निळा दोरा

थोरली बहीण वारली, आणि तिचं जॅकेट धाकटीने स्वतःसाठी करायला घेतलं. बाह्या आखूड केल्या, बटणं बदलली. खिशावर थोरलीने निळ्या दोऱ्याने भरलेलं आपल्या नावाचं अक्षर तेवढं राहिलं होतं.

भर दुपारी जॅकेट मांडीवर घेऊन ती त्या अक्षरावर पिवळं फूल भरायला बसली.

"ते राहू दे गं तिचं," आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

"घालणार मी आहे ना आता?"

फूल पुरं झालं. ती उठायला गेली, तर जॅकेटही मांडीबरोबर उचललं गेलं. भरताभरता तिने खालचा स्कर्टही टाक्यांत घेतला होता. नवशिक्यासारखी चूक! तिचं तिलाच हसू आलं. तिने सुई उशीत खोचली, हातासरशी कात्री घेतली आणि जॅकेटची कड उचलून पाहिलं.

टाके निळे होते. निळं रीळ तर तिने सकाळीच कचऱ्यात टाकलं होतं.

स्कर्टवर थोरलीचं अक्षर अर्धं भरून झालं होतं.

"आई," ती हळूच म्हणाली, "जरा इकडे येतेस?"

अक्षराचा पुढचा टाका आपोआप पडला, आणि तो कापडापाशी न थांबता तिच्या मांडीत उतरला.