न पटणारं कथानक

मालिकांची पिसं काढण्यात त्यांचा हातखंडा होता. वर्तमानपत्रातलं त्यांचं रविवारचं सदर वाचून निर्माते चळाचळा कापतात, असं ते स्वतःच सगळ्यांना सांगत.

या आठवड्यात त्यांनी सगळ्यात लोकप्रिय मालिका फैलावर घेतली होती. लेख लिहून होताच त्यांनी बायकोला समोर बसवलं आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

“बायको चोरून नोकरी करते आणि या मालिकेतल्या नवऱ्याला तीन वर्षं त्याचा पत्ताच नाही! तेही एका छपराखाली राहून! लेखकाने प्रेक्षकांना इतकं दूधखुळं समजू नये.”

“इतकं अशक्य आहे का हो ते?” बायकोने विचारलं.

“अगं, कुठलाही नवरा एवढा ठोंब्या नसतो. कधीतरी सहज विचारेलच ना, दिवसभर काय करतेस म्हणून?”

“हो, विचारायला हवं खरं,” ती म्हणाली आणि त्यांच्याकडे बघत क्षणभर थांबली.

त्यांनी चष्मा पुसला, लेखात ‘ठोंब्या’ हा शब्द घातला आणि तिला चहा टाकायला सांगितलं.

स्वयंपाकघरात सासूबाईंनी आधीच आधण ठेवलं होतं. तिच्यापुढे लॅपटॉप सरकवत त्या हळूच म्हणाल्या,

“चहा मी देते त्याला. तू आधी मालिकेचा उद्याचा भाग लिहून संपव, सेटवर सगळे खोळंबलेत.”