होडी परत येते

टीव्हीवरचा कुत्रा धक्क्यावर बसून मालकाच्या होडीची वाट बघत होता. माझी लेक उशी कवटाळून बसली होती. "आजोबा, येईल ना तो?"

"बघू या की," म्हणत माझे बाबा पाणी प्यायला उठले.

माझ्या लहानपणी असा सिनेमा लागला, की शेवट जवळ आल्यावर हमखास लाईट जायची. मग बाबा अंधारात उरलेली गोष्ट सांगायचे, आणि त्यांच्या गोष्टीत मालक परत यायचाच. पुढे हॉस्टेलवर त्यातला एक सिनेमा पूर्ण पाहिला. मालक आलाच नाही. ढसाढसा रडताना, दर वेळी लाईट जाण्याआधी ऐकू येणारा मेन स्विचचा 'खट्' आवाज आठवला आणि एकदम हसू फुटलं.

आता पॅसेजमध्ये तसंच 'खट्' वाजलं. घरात अंधार झाला.

"आई, लाईट गेली!"

"जाऊ दे गं, पुढचं मला पाठ आहे." बाबा चाचपडत येऊन तिच्याशेजारी बसले. "तर, लांबवर एक शीड दिसलं..."

समोरच्या बिल्डिंगमध्ये सगळे दिवे लख्ख होते. लेकीचं लक्ष जायच्या आत मी पडदा ओढला आणि बाबांच्या पायाशी ऐकायला बसले.