अर्धं लुगडं

दोरीवरचा पट्टा अजून ओलाच होता. सिझर झालेल्या लेकीचं पोट आता कशानं बांधायचं, म्हणून आईनं ट्रंक उघडली. डोहाळजेवणानंतर तिनं आपलं मऊ लुगडं मधोमध फाडलं होतं. अर्ध्याचा हा पट्टा केला, अर्धं बाळाला गुंडाळायला ठेवलं. ते तसंच घडीत राहिलं. बाळ दवाखान्यातून घरी आलंच नाही.

आईनं घाईनं झाकण लावलं, पण लेकीनं पाहिलं होतं.

“आण ते. त्यानंच बांध.”

आईनं वेढे दिले. रोज टाके ताणले की लेक कळवळायची. आज तिनं हूं की चूं केलं नाही.

“दुखतंय का गं?”

लेकीनं गाठीवर हात ठेवला.

“सैल कर थोडं. त्याला आवळतंय.”