मिसळणाच्या डब्यामागे

"उदासीवरची गोळी पोटात पोहोचली," ओट्यावरचा कालच अपडेट झालेला औषधाचा डबा बोलला. "पण हे पोट दमयंतीबाईंचं नाही."

दमयंती दचकली. बरं वाटतंय म्हणून तिने आठवड्यापूर्वी डॉक्टरांना न विचारताच गोळी बंद केली होती. रोजची गोळी ती मिसळणाच्या डब्यामागे लपवी, तरी औषधाचा डबा गोळीतल्या चिपवरून 'पोहोचली' म्हणे. तो बिघडलाय, असंच तिला वाटलं. इकडे गोळी एकदम सोडल्याने तिच्या डोक्यात झटके येत, पाय एका जागी ठरत नसत.

मागे नवरा उभा होता, हातात पाण्याचा पेला.

"अहो, तुम्ही?"

"तुला बरं वाटलं ना, म्हटलं मलाही वाटेल."

डॉक्टरांना फोन लावत तिने त्याला विचारलं, "केव्हापासून वाटतंय असं उदास?"

"तुझ्याही आधीपासून."