अंगठे धरून

लंबू अंगठे धरून उभा होता आणि प्रेक्षक पोट धरून हसत होते.

नाटकच तसं. एकाने तासभर ओणवं राहायचं, दुसऱ्याने हातात वेत घेऊन मागे येरझारा घालायच्या. तो मध्येच नखं कापतो, केस विंचरतो, वेत उगारतो आणि पुन्हा खाली घेतो. संवाद एकही नाही. गुन्हा काय ते कळत नाही आणि मारही बसत नाही. शेवटी ओणवा एक उंच उडी घेतो आणि खेळ संपतो.

लंबूचं लक्ष मात्र पायाखालच्या फळ्यांकडे होतं. चार महिन्यांपूर्वी याच फळ्यांवर, लंबूने शेवटची उडी घेताच, वेतवाला दादा मध्येच त्याच्या अंगावर आदळला. लंबू बाजूला फेकला गेला आणि दादा फळ्यांमधल्या झडपेतून थेट तळघरात. मांडीचं हाड मोडलं. वय झालं, अंदाज चुकला, म्हणून सगळे हळहळले. पण प्रयोगाआधी झडपेची खिटी लावायचं काम लंबूचं होतं. लावली होती का? आठवून आठवून डोकं पिकलं, छातीठोकपणे सांगता येईना. तेव्हापासून तो मूग गिळून गप्प होता.

आज दादा परत आला होता.

“स्वतःहून आलाय,” दिग्दर्शक बाई कौतुकाने म्हणाल्या होत्या. “म्हणतो, लंबूबरोबरच करीन. पूर्वी ओणव्याची भूमिका त्याच्याकडून काढून तुला दिली, त्याचाही राग नाही बघ.”

रंगपटात दादाने त्याच्याकडे नीट पाहिलंही नव्हतं. “आज मी जरा वेगळं करणार आहे,” एवढंच म्हणाला. “हलू नकोस.”

पावलं मागे आली. एक जड, एक फरफटत. वेत हवेत सपकन वाजला. नेहमीचा वेत पुठ्ठ्याचा असायचा. तो वाजत नसे.

याला सगळं कळलंय, लंबूला वाटलं. घाम नाकावरून टपटप फळीवर पडत होता. पळून जावं, नाहीतर सरळ पाय धरावेत. पण तो हलला नाही. एकदाचा बसू दे मार, असंही त्याला वाटून गेलं.

पावलं शेजारी येऊन थांबली. वेत त्याच्या पायाशी ठेवला गेला. मग कण्हत कण्हत दादाही वाकला, आणि दुखरा पाय लटलटत असताना त्याने स्वतःचे अंगठे धरले. प्रेक्षागृह हास्याने दणाणून गेलं.

“खिटी तू लावली होतीस,” दादा पुटपुटला. “काढली मी. तू उडी घेतलीस आणि मला बघवेना, ढकललं तुला. उचल तो वेत.”