दोन बोटं पांढरा

"आवर काकी, मंत्रीसाहेबांची गाडी आली," पंढरीनाथ रंगूबाईच्या कानाशी पुटपुटला.

तिनं मान वर केली नाही. निजामपुऱ्यातल्या शाळेच्या व्हरांड्यात बसून ती मफलर विणत होती. लूमवरचं वाया गेलेलं सूत, सहापदरी पिळलेलं. कर्फ्यूच्या दर दिवसाला एक काळा पट्टा. दोन पट्ट्यांमध्ये एक उलटी ओळ. काळ्यात काळीच, पण बोटाला लागायची. असे एकोणीस पट्टे. शेवटी दोन बोटं पांढरा.

पंढरीनाथ पक्षाचा कार्यकर्ता. त्यानंच सुचवलं होतं, मंत्रीसाहेबांच्या गळ्यात हातचं काहीतरी घाल आणि लडकूचं नाव सांग. तिचा मुलगा लडकू शिफ्टवरून घरी येताना पोलिसांनी उचलला होता. अजून आतच होता.

आता पंढरीनाथनं मफलरचं टोक उचलून बघितलं. "हे काय सुतक विणलंस? रंगीत सूत दिलं होतं ना तुला?"

"दिलंस. पन दिवस त्या रंगाचे न्हवते रं."

"साहेब बिघडले ना, तर लडकू विसर. कळतंय?"

तिचे हात थांबले. "कळतंय," म्हणाली, आणि पुढचा टाका घेतला.

माइकवर तिचं नाव पुकारलं. ती उठली. टाके बंद न करताच सुई ओढून काढली आणि मफलर मंत्र्यांच्या गळ्यात घातला. पांढऱ्या सुताचा गुंडा तिच्या मुठीतच राहिला.

मंत्री फोटोवाल्यांकडे बघून हसले. "वा! काळ्यावर पांढरा शोभतो. कसली नक्षी ही, बाई?"

"नक्षी न्हाय, सायेब. आज तुमी येनार म्हनून दोन तास घराबाहेर पडू दिलं. त्येवढा पांढरा."

मंत्र्यांची बोटं नकळत काळ्यावरून फिरली. एका ओळीवर अडखळली. मग दुसऱ्या.

"माजा लडकू पयल्या पट्ट्यापासनं आत हाय," ती म्हणाली.

"बघतो, बघतो." मंत्री घाईनं उठले नि गाडीकडे निघाले.

धागा ताणला. पंढरीनाथ दातओठ खात म्हणाला, "तोड काकी, धागा तोड!"

तिनं मूठ आणखी आवळली. मंत्र्यांच्या छातीवरचा पांढरा टाक्यामागून टाका उसवू लागला. सर्र... सर्र... फोटोवाल्यांनी पुन्हा कॅमेरे वर केले.

मंत्री थांबले. मागे वळले. गळ्यात आता नुसता काळा उरला होता, आणि त्याच्यापासून निघालेला पांढरा धागा, साऱ्या व्हरांड्यावरून, रंगूबाईच्या मुठीपर्यंत ताठ होता.