डिंपलची नोंद

समाजाच्या कुटुंबनोंदणीचा ऑनलाइन फॉर्म श्रुतीनेच बनवून सगळ्या ब्राउझरमध्ये तपासला होता. पांढुर्ण्यात शेजारच्या जयश्रीकाकूंसमोर लॅपटॉप ठेवून ती पहिली नोंद करत होती. "काकू, मुलं किती झाली?" "दोन. तुले माहीत नाही का वं?" दोन चौकटी उघडल्या. थोरल्या सुचिताची भरली. धाकट्या डिंपलची जन्मतारीख काकूंनी सांगितली आणि फॉर्मने वय आपोआप काढलं: तेवीस. खाली उपवर मुलींचे रकाने उघडले. श्रुतीची बोटं थांबली. तिची वर्गमैत्रीण डिंपल सातव्या वर्षीच तापाने गेली होती. "चुकलं माझं, काकू. गेलेल्यांसाठी रकाना ठेवलाच नाही. हे पुसते." "थांब. काय विचारून राहिलं ते?" "उंची." काकूंनी तिला उभं केलं, तिच्या डोक्यावर तळहात टेकवला आणि हात थोडा वर उचलला. "तुह्यापेक्षा दोन बोटं जास्त लिव. बापावर जाऊन राहिली होती."